१, २, ४, ८, १६ च्या पुढे काय? क्रमिका नेमकी ठरते कशाने

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर सांगता येईल. मुलगी फोंड्याला अकरावीत आहे. टेस्टमध्ये ‘१, २, ४, ८, १६, … पुढचे पद लिहा’ असा प्रश्न आला. तिने ३१ लिहिलं, बाजूला वर्तुळाची आकृती काढली आणि मार्क गेला. तिचं म्हणणं असं की पुस्तकात क्रमिका म्हणजे नैसर्गिक संख्यांवरचं फल (फंक्शन) अशी व्याख्या दिली आहे, मग पाच पदं बघून सहावं कसं ठरवायचं? तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ३१ बरोबर की चूक, ज्यांना सूत्रच नाही अशा मूळ संख्यांना क्रमिका म्हणायचं का, आणि शाळेत जाऊन मार्क मागावा का.

म्हापशाकडे हायर सेकंडरीला मी बरीच वर्षं गणित शिकवतो. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतं, आणि बहुधा मागच्या बाकावरून येतो. तुमच्या तीन प्रश्नांतला मधला खरा महत्त्वाचा. तो सुटला की पहिल्याचं उत्तर आपोआप मिळतं, आणि तिसरा गणिताचा उरतच नाही.

घोळ कुठून सुरू होतो ते सांगतो. चौथी-पाचवीपासून मुलांना ‘पॅटर्न ओळखा’ शिकवतात. चार आकडे दिले की पाचवा सांगायचा. सात-आठ वर्षं हे केल्यावर मुलाला वाटू लागतं की क्रमिका म्हणजे ते चार आकडे, आणि पुढचं सगळं त्या आकड्यांतच लपलेलं आहे. मग अकरावीला पुस्तक एका ओळीत सांगतं की क्रमिका हे एक फल आहे. ती ओळ पाठ होते, पॅटर्नची सवय मात्र जात नाही. तुमच्या मुलीची गेली आहे, ही चांगली गोष्ट आहे.

आता ती ओळ उलगडू. बोर्डाच्या परीक्षेची सीट नंबरांची यादी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक नंबरावर एकच विद्यार्थी. एकाच नावाचे दोन नाईक वेगवेगळ्या नंबरांवर असू शकतात, त्याला हरकत नाही. पण एका नंबरावर दोन मुलं बसवता येत नाहीत, आणि यादीतला नंबर रिकामाही ठेवता येत नाही. क्रमिकेला एवढंच लागतं. १, २, ३, … या प्रत्येक क्रमांकाला एक आणि एकच पद नेमून दिलेलं असलं की क्रमिका ठरली. हे नेमणं सूत्राने केलं, नियमाने केलं की साध्या वाक्याने, याबद्दल व्याख्या काही बोलत नाही. त्या पदांत ‘पॅटर्न’ दिसला पाहिजे असंही ती म्हणत नाही.

यातून दोन-तीन गोष्टी लगेच निघतात, ज्या मुलांना खटकतात. ५, ५, ५, ५, … ही क्रमिका आहे, पूर्ण नियमात बसणारी. −१, १, −१, १, … हीसुद्धा. हिच्यात पदं अनंत आहेत, वेगवेगळ्या किमती मात्र दोनच. म्हणून क्रमिका आणि संच एक नव्हेत: संचात क्रम नसतो आणि तोच घटक दोनदा मोजत नाहीत. काही पुस्तकं क्रमिका महिरपी कंसात लिहितात, संच लिहितात तसाच. मला ती पद्धत आवडत नाही. मी फळ्यावर साधा कंस वापरतो आणि मुलांनाही तेच सांगतो. आणि पदं संख्याच असावीत असाही दंडक नाही, बिंदूंची, फलांची, आकृत्यांचीही क्रमिका असते.

तर १, २, ४, ८, १६. पाच क्रमांकांना पदं दिली. सहाव्याला कोण? यादीने काहीच सांगितलेलं नाही. तुमच्या मुलीचं ३१ कुठून आलं ते आकृतीवरून ओळखू येतं. वर्तुळाच्या परिघावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांशी जीवेने जोडा आणि आतले भाग मोजा. एक बिंदू असताना १ भाग, दोन बिंदूंना २, तिघांना ४, चौघांना ८, पाचांना १६. वर्गात हे मुलांकडून काढून घेताना सहाव्या बिंदूशी नेहमी गडबड उडते. ज्यांनी हाताने वेडेवाकडे बिंदू मांडले, त्यांचे ३१ भाग येतात. ज्यांनी कंपास घेऊन सहा बिंदू अगदी समान अंतरावर, देखणे मांडले, त्यांचे ३० येतात. मग भांडणं. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की कळतं: वेड्यावाकड्या आकृतीत तीन लांब जीवांच्या मध्ये एक इवलासा त्रिकोण आहे. नीटस आकृतीत त्या तिन्ही जीवा केंद्रातच भेटतात आणि तो त्रिकोण नाहीसा होतो. म्हणून व्याख्येत अट घालावी लागते की कोणत्याही तीन जीवा आत एका बिंदूत छेदू नयेत. ती अट घातली की भागांची संख्या म्हणजे १, अधिक जीवांची संख्या, अधिक आतल्या छेदनबिंदूंची संख्या. सहा बिंदूंना जीवा १५. चार बिंदू निवडले की एक छेदनबिंदू मिळतो, आणि सहातून चार निवडायच्या रीती १५. बेरीज ३१. पुढे ५७, ९९, १६३, २५६ अशी ही चालते. दहाव्या जागी पुन्हा दोनाचा घात येतो, पण तो २५६, जिथे दुपटीच्या नियमाने ५१२ आले असते.

हा एकटाच दावेदार नाही. १ फॅक्टोरियल, २ फॅक्टोरियल, ३ फॅक्टोरियल … (म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) यांचे विभाजक मोजत चला: १, २, ४, ८, १६. मग ६ फॅक्टोरियल म्हणजे ७२०, आणि त्याचे विभाजक ३०. किंवा नुसते १६ या संख्येचे विभाजक लिहा: १, २, ४, ८, १६, आणि संपलं. तिथे सहावं पदच नाही. कुणाला सहावं पद १९६१ हवं असेल, आपल्याकडे गोवा मुक्तीचं वर्ष म्हणून, तर तेही करता येतं. एन म्हणजे पदाचा क्रमांक धरा, २ चा (एन − १) वा घात घ्या आणि त्यात १९२९ × (एन − १)(एन − २)(एन − ३)(एन − ४)(एन − ५) ÷ १२० मिळवा. एन १ ते ५ असताना कुठला ना कुठला कंस शून्य होतो, म्हणून पहिली पाच पदं जशीच्या तशी राहतात. एन ६ झाला की कंसांचा गुणाकार १२० येतो आणि ३२ मध्ये बरोबर १९२९ मिळतात. १९२९ च्या जागी दुसरा आकडा घाला, सहावं पद हवं ते. सुरुवातीची पदं कितीही दिली, पाच काय किंवा पाचशे काय, हीच युक्ती चालते.

नील स्लोन या गणितज्ञाने १९६४ मध्ये अशा पूर्णांकांच्या क्रमिका गोळा करायला सुरुवात केली. १९९६ पासून तो कोश इंटरनेटवर आहे आणि त्यात साडेतीन लाखांहून जास्त क्रमिका आहेत. त्यात १, २, ४, ८, १६ टाकून बघा, ढीगभर उत्तरं येतात. वर्तुळाची क्रमिका तिथे ए०००१२७ या क्रमांकाला आहे.

आता सूत्राचं. एनव्या पदासाठी सूत्र लिहिणं हा क्रमिका ठरवायचा सगळ्यात सरळ मार्ग. एन घाला, पद घ्या. यावर जास्त बोलण्यासारखं नाही. मुलांना हाच मार्ग आवडतो, कारण शंभरावं पद काढायला आधीची नव्व्याण्णव लागत नाहीत.

दुसरा मार्ग मागच्या पदांवरून पुढचं पद काढण्याचा, आणि तो मला जास्त जवळचा वाटतो, कारण पुष्कळ क्रमिका मुळात अशाच जन्माला येतात. छंदशास्त्रातलं उदाहरण घ्या. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? गुरू-गुरू, गुरू-लघू-लघू, लघू-गुरू-लघू, लघू-लघू-गुरू, आणि चारही लघू. पाच तऱ्हा. तालाचे गणिती म्हणून नावाजलेल्या खाप्रुमामा पर्वतकरांच्या या मुलखात मात्रा मोजायला कुणाला शिकवावं लागत नाही, भजनाला बसणारी मुलं टाळी देतच हे सोडवतात. पाच मात्रांच्या तऱ्हा मोजताना एकच बघायचं: शेवटचं अक्षर लघू की गुरू? लघू असेल तर आधीच्या चार मात्रा हव्या तशा भरा, ५ तऱ्हा. गुरू असेल तर आधीच्या तीन मात्रा भरा, ३ तऱ्हा. एकूण ८. प्रत्येक पद म्हणजे आधीच्या दोन पदांची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३. हेमचंद्राने सुमारे ११५० मध्ये हा नियम मांडला, त्याच्याही आधी विरहांकाने. हीच क्रमिका ज्यातून येते ते फिबोनाचीचं सशांचं कोडं १२०२ चं.

इथे सुरुवातीची पदं नियमाइतकीच महत्त्वाची असतात, आणि उत्तरपत्रिकेत तीच राहून जातात. ‘आधीच्या दोन पदांची बेरीज’ एवढं लिहिलं तर काहीच ठरलं नाही. १, २ ने सुरू केलं तर १, २, ३, ५, ८. २, १ ने सुरू केलं तर २, १, ३, ४, ७, ११, १८, ही अगदी निराळी क्रमिका. नियम जितकी पदं मागे जातो तितकी पदं आधी हातात हवीत. नारायण पंडिताने १३५६ मध्ये गायींचं गणित मांडलं, त्यात या वर्षीच्या गायी म्हणजे गेल्या वर्षीच्या अधिक तीन वर्षांपूर्वीच्या. तिथे पहिली तीन पदं द्यावी लागतात.

दुसरी अट जास्त नाजूक आहे: नियम प्रत्येक पायरीवर चालला पाहिजे. ‘मागच्या पदातून १ वजा करा आणि त्याने १ ला भागा’ हा नियम घ्या. पहिलं पद २. दुसरं पद १. तिसऱ्यासाठी १ ला शून्याने भागायची वेळ येते. कागदावर नियम छान दिसतो, क्रमिका मात्र मिळालीच नाही. बारावीच्या हुशार मुलांनाही हे पटायला वेळ लागतो की व्याख्या लिहिली एवढ्याने ती वस्तू अस्तित्वात येत नाही. उलट बाजूने, नियम चालतो आणि सुरुवात दिली आहे, तर अशी एक आणि एकच क्रमिका असते, हे जर्मन गणितज्ञ डेडेकिंडने १८८८ मध्ये सिद्ध केलं. तोवर सगळे ते गृहीतच धरून चालत होते.

कापरेकरांचा खेळ याच जातीचा. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी नियम दिला: चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या संख्येवर तेच पुन्हा. ३५२४ घेऊ. ५४३२ − २३४५ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ६१७४, ६१७४, ६१७४. चारही अंक सारखे नसले तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळे तिथेच येतात. या क्रमिकेचं सुटसुटीत सूत्र मागितलं तर मी देऊ शकणार नाही, पण कुठलंही पद विचारा, काढून देतो.

आता मूळ संख्या, म्हणजे तुमचा मधला प्रश्न. एनवं पद म्हणजे लहानापासून मोजत गेल्यावर येणारी एनवी मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३. हे वाक्य प्रत्येक एनला एकच संख्या देतं, म्हणून ही निखालस क्रमिका आहे. मात्र ‘प्रत्येक एनला’ हे शब्द फुकट मिळालेले नाहीत. मूळ संख्या मध्येच संपल्या असत्या तर पुढच्या क्रमांकांना काय दिलं असतं? त्या संपत नाहीत हे युक्लिडने सिद्ध केलं आहे, म्हणून आपण बिनधास्त ‘दहा लाखावी मूळ संख्या’ म्हणू शकतो. हेच परिपूर्ण संख्यांबद्दल करून बघा. ६, २८, ४९६, ८१२८ — स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकी. २०२४ च्या शेवटापर्यंत अशा ५२ संख्या सापडल्या आहेत. त्या अनंत आहेत का, हे कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. तेव्हा ‘हजारावी परिपूर्ण संख्या’ या शब्दांना आज अर्थ आहे असं आपण खात्रीने म्हणू शकत नाही. वाक्य दोन्हीकडे सारख्याच घडणीचं, तरी एकीकडे अनंत क्रमिका मिळाली आणि दुसरीकडे मिळाली की नाही ते गुलदस्त्यात.

ठरणं आणि काढता येणं याही दोन निराळ्या गोष्टी आहेत. याचं टोकाचं उदाहरण ‘बिझी बीव्हर’, टिबोर राडोने १९६२ मध्ये दिलेलं. एन अवस्थांचं आणि दोन चिन्हांचं, कोऱ्या फितीवर सुरू होऊन कधीतरी थांबणारं ट्युरिंग यंत्र (संगणकाचा कागदावरचा साधा नमुना) जास्तीत जास्त किती पावलं चालेल? १, ६, २१, १०७. पाचवं पद ४,७१,७६,८७० आहे हे २०२४ मध्ये सिद्ध झालं. प्रत्येक एनला उत्तर एकच आणि नक्की आहे, तरी सगळी पदं काढून देईल असा संगणक प्रोग्रॅम असूच शकत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे. तेव्हा सूत्र नाही म्हणून क्रमिका नाही, हे म्हणणं टिकत नाही.

काही गोष्टी पुस्तकावर अवलंबून असतात. मोजणी ० पासून की १ पासून हा नुसता संकेत आहे. संगणकवाले ० पासून मोजतात. मात्र एकदा ठरवलं की मध्ये बदलायचं नाही, नाहीतर सूत्रातला घात एकाने चुकतो. सांत, म्हणजे कुठेतरी संपणाऱ्या, क्रमिकेला क्रमिका म्हणायचं का? अकरावीच्या पुस्तकात म्हणतात. कॉलेजात विश्लेषणाच्या पेपरला गेल्यावर क्रमिका म्हणजे अनंतच असं धरून चालतात. आणि पदं मिळवली की जी तयार होते ती मालिका, ती वेगळी वस्तू. तिच्यात इथे शिरत नाही.

मार्काचं म्हणाल तर ते प्रश्न कसा छापला होता यावर आहे. वर ‘भूमिती श्रेढी’ (जीपी, म्हणजे प्रत्येक पद मागच्याच्या ठरावीक पट) लिहिलं असेल, किंवा आधीच्या उपप्रश्नात जीपी आहे असं सांगितलं असेल, तर ३२ हेच उत्तर आणि तुमचं म्हणणं कुणी ऐकणार नाही. तसं काही नसेल तर प्रश्न अपुरा आहे. अशा वेळी मी मुलीने काय लिहिलं ते बघेन. नुसतं ३१ आणि एक आकृती असेल तर मीही कदाचित मार्क दिला नसता. ‘परिघावर एन बिंदू, तीन जीवा एका बिंदूत छेदत नाहीत, पद म्हणजे भागांची संख्या’ एवढी एक ओळ असेल तर पूर्ण मार्क. शाळेत जाणार असाल तर तिलाच पाठवा आणि सरांसमोर सहा बिंदूंची आकृती काढून भाग मोजून दाखवू दे. बहुतेक सर खूश होतात. स्पर्धा परीक्षेत मात्र हा वाद घालू नये: पर्यायांत ३२ दिसलं की खूण करून पुढे जावं.

तिला आवडेल असं एक काम देतो. वर जो बिघडणारा नियम आहे, मागच्या पदातून १ वजा करून त्याने १ ला भागायचं, तो सुरुवातीच्या कोणत्या पदांसाठी बिघडतो याची यादी तिने करावी. उलट चालायचं: मागचं पद म्हणजे १ अधिक (१ भागिले पुढचं पद). १ पासून मागे गेलं की २, ३/२, ५/३, ८/५ असे अपूर्णांक येतात. अंश आणि छेद कुठले आहेत ते ती बघताक्षणी ओळखेल. मग पहिलं पद ३ घेऊन पुढे जाऊ दे: १/२, −२, −१/३, −३/४. इथे नियम कधीच बिघडत नाही. का बिघडत नाही, हे दोन ओळींत सिद्ध होतं. एकच सूचना: पद ऋण झाल्यावर पुढे काय होतं ते बघ म्हणावं.